अक्का घरात झोपू लागली



दरवर्षी अनंत चतुर्दशी जवळ आली, रस्त्यावर ढोल-ताशे वाजू लागले, की आमच्या घरातले बोलणे आपोआप कमी होते. आम्ही बौद्ध. विसर्जनाशी आमचा तसा संबंध नाही. तरीही त्या रात्री आमच्याकडे कोणी लवकर झोपत नाही. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली.

त्या पहाटे आमच्या सोलापुरातही फळीवरची भांडी खणखणली. पोरांना काखोटीला मारून सगळी वस्ती बोळात येऊन उभी राहिली. उजाडेपर्यंत कोणाला काही कळेना. मग बातम्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग जखमींच्या गाड्या आल्या. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली होती. सरकारी मोजणीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला, काहींनी तो दहा हजारांपर्यंत सांगितला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, ते सगळे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले.

आमची चुलत बहीण, आमची अक्का, उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली होती. त्या पहाटे ती वाचली. तिची दोन लेकरे आणि सासू वाचली नाहीत. दाजींना ढिगाऱ्यातून ओढून काढले, पण एक पाय कायमचा अधू झाला.

आज आम्ही लिहिणार आहोत ते भूकंपाविषयी नव्हे. भूकंपानंतर अक्काच्या मनाचे काय झाले आणि ते मन पुन्हा कसे सावरले, त्याविषयी. कारण अशा अक्का आपल्या वस्तीत खूप आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण बोलत नाही.

घरे मोजली, मने कोणी मोजायची?

भूकंपानंतर सरकारने आणि संस्थांनी घरे बांधली, हे मान्यच केले पाहिजे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागेवर वसवली गेली. घरे मात्र जमिनीच्या मापाने मिळाली. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५० आणि त्याहून जास्त असणाऱ्याला ७५०. आपला समाज बहुतेक भूमिहीन. तेव्हा आपल्या वाट्याला कोणते घर आले, हे वेगळे सांगायला नको.

पण निदान घरांचे माप तरी निघाले. मनांचे माप काढायला फार थोडे लोक गेले. जे गेले त्यांचे नाव घ्यायला हवे. नट म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मुळात मनोविकारतज्ज्ञ. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते संचालक होते आणि भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावरील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. भूकंपातून वाचलेल्यांची दुसरी एक लहानशी पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. त्यात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना मनाचा आजार आढळला. स्त्रियांना आणि ज्यांचे घर पडले त्यांना जास्त.

याचा अर्थ ही माणसे वेडी झाली होती असा नाही. मोठ्या आघातानंतर मनाला होणाऱ्या या आजाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. आपण त्याला आघातानंतरचा मनोविकार म्हणू. हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात १९८० साली आले, पण आजार जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांना थरथर सुटायची, झोपेत ते ओरडून उठायचे. त्यांना आधी भेकड म्हटले गेले. नंतर डॉक्टरांना कळले की हा भेकडपणा नाही, ही जखम आहे.

विसर आता, म्हणणारे आम्हीच

१९९४ साली अक्का आणि दाजी सोलापूरला बुधवार पेठेतल्या आमच्या वस्तीत राहायला आले. अक्का विड्या वळू लागली. पुढच्या वर्षी मुलगी झाली. आम्हाला वाटले, झाले, संसार पुन्हा उभा राहिला.

पण अक्का घरात झोपत नसे. थंडी असो, पाऊस असो, मुलीला पोटाशी घेऊन ती अंगणात पत्र्याच्या आडोशाला पडायची. पहाटे साडेतीनला न चुकता जाग. रस्त्याने मालट्रक गेला आणि जमीन थरथरली, की सूप तंबाखूसकट मांडीवरून खाली. विड्या बिघडत, कारखान्यात बाद होत, मजुरी कापली जाई. कोणी हसून बोलले तरी ती हसत नसे. मुलीला नजरेआड होऊ देत नसे. गावाचे नाव काढले की उठून जाई. आणि दाजी? दाजी काहीच बोलत नसत, दाजी पीत. पुरुषाचा आजार बाटलीत लपतो, म्हणून तो आपल्याला आजार वाटत नाही.

आम्ही काय केले? आम्ही सगळ्यांनी तिला सांगितले, "अक्का, विसर आता. पोरीकडं बघ." आठ वर्षे आम्ही हेच सांगत राहिलो. ते बोलणे मायेचे होते, पण चुकीचे होते. पाय मोडलेल्या माणसाला कोणी 'चाल आता' म्हणत नाही.

मध्यंतरी दाजींच्या एका नातेवाइकाने तिला गुपचूप देवऋष्याकडे नेले. "मेलेली लेकरं बोलावत्यात," असे त्याने सांगितले. लिंबू झाले, कोंबडे झाले, दंडात काळा दोरा आला. आमचे काका, अक्काचे वडील, गिरणी कामगार. १९५६ साली नागपूरला जाऊन बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. त्यांनी तो दोरा पाहिला आणि ब्लेडने कापून टाकला. "बाबासाहेबांनी हेच शिकवलं का आपल्याला?" म्हणून घर डोक्यावर घेतले.

काका बरोबरच होते. पण त्या रात्री अक्का अंगणात बसून जे बोलली ते आमच्या अजून कानात आहे. "आण्णा, दोरा तोडलात, बरं केलात. पर मग मला झोप कशानं यावी, ते बी सांगा की." काकांकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. अंधश्रद्धा काढून घेतली, पण त्या जागी औषध ठेवले नाही, तर माणूस पुन्हा अंधश्रद्धेकडेच जातो. देवऋषी निदान तिचे ऐकून तरी घेत होता. आम्ही तेवढेही करत नव्हतो.

मंगळवारची वारी

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी गुजरातेत भूजला भूकंप झाला. संध्याकाळी दूरदर्शनवर पडलेली घरे दाखवली आणि अक्का किंचाळून मुलीला घेऊन बाहेर पळाली. दोन दिवस ती उंबऱ्याच्या आत आली नाही. त्या वेळी वस्तीतल्या एक परिचारिका बाई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "हिला बाधा नाही, वेड नाही. हिला जखम आहे आणि तिचा इलाज आहे. मी नेते."

घरात वाद झाला. "वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हटल्यावर उद्या पोरीचं लग्न जमायचं कसं?" हे बोलणारे परके नव्हते, आमच्यातलेच होते. शेवटी दाजीच उठले. "माझी बायको हाय. मी नेतो," एवढेच म्हणाले.

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती झोपेची गोळी नव्हती. तिचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतील, सवय लागणार नाही, पण मनाने बंद करायची नाही, असे त्यांनी बजावले. खरे काम मात्र तिथल्या समाजसेविका ताईंनी केले. दर मंगळवारी अक्का जाई. जायचे-यायचे बसभाडे, अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी. हातावर पोट असणाऱ्याला हा हिशेब सोपा नसतो. त्या महिन्यांत शेजारच्या बायकांनी तिच्या वाटच्या थोड्या थोड्या विड्या वळून दिल्या. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

पहिले दोन-तीन मंगळवार ताईंनी त्या रात्रीविषयी काही विचारलेच नाही. त्यांनी आधी फक्त घाबरल्यावर काय करायचे ते शिकवले. दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायची. श्वास हळू सोडायचा. "हे सोलापूर आहे, ही दुपार आहे, माझी लेक शाळेत आहे," असे स्वतःला सांगायचे. या आजारात मनाची धोक्याची घंटा अडकून बसलेली असते. आठवण ही आठवण राहत नाही, ती आत्ता, या क्षणी घडत असल्यासारखी अंगावर येते. तेव्हा पहिले काम त्या घंटेला सांगण्याचे, की ते घडून गेले.

मग ताईंनी एक शिडी करायला सांगितली. सर्वांत कमी भीतीची गोष्ट खालच्या पायरीवर, सर्वांत जास्त भीतीची वरच्या. पहिली पायरी, दुपारी दार सताड उघडे ठेवून घरात पंधरा मिनिटे बसणे. छाती धडधडली तरी उठायचे नाही, ती आपोआप शांत होईपर्यंत थांबायचे. मग अर्धा तास. मग दार लोटून. मग दुपारची झोप. मग रात्री उंबऱ्याजवळ अंथरूण. एकेका पायरीला दोन-दोन, तीन-तीन आठवडे लागले. भीतीपासून पळालो की भीती वाढते, तिच्याजवळ थांबलो की ती थकते, हे यामागचे शास्त्र.

आणि चौथ्या महिन्यात अक्काने ती रात्र सांगितली. आठ वर्षांत आम्हाला कोणाला माहीत नव्हते ते तेव्हा कळले. त्या पहाटे ती परसाकडे गेली होती. घरात संडास नव्हता, बायका अंधारातच जात. लेकरे झोपलेली पाहून तिने दार लोटून घेतले होते. परत येताना जमीन हलली आणि तिच्या डोळ्यांदेखत घर खाली बसले. "मी एकलीच का भाईर गेले? दार मीच लोटलं." हा दगड ती आठ वर्षे छातीवर घेऊन जगत होती.

ताईंनी 'तुझी चूक नाही' असे म्हटले नाही. तसे तर कोणीही म्हणेल. त्यांनी विचारले, "अक्का, त्या रात्री घर पडणार, हे गावात कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच न्हाई."

"सरपंचाला? मास्तरांना? सरकारला?"

"न्हाई."

"मग तुम्हाला एकट्यांना कसं ठाऊक असणार?"

अक्का म्हणे त्यावर पुष्कळ वेळ रडली. आठ वर्षांत पहिल्यांदा लेकरांची नावे घेऊन रडली. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा सांगू लागली, आणि त्याच्या पुढच्याही. दर खेपेला तीच रात्र, पण दर खेपेला थोडी कमी धारदार. बाहेर बाकावर बसणाऱ्या दाजींनी एके दिवशी आपलाही केसपेपर काढला.

आठ-नऊ महिने लागले. त्या दिवाळीच्या आगेमागे एका थंड रात्री अक्काने अंथरूण आत घातले, मुलीला कुशीत घेतले आणि दार लावून घेतले. आम्ही बाहेर जागेच होतो. आतून काही आवाज आला नाही. आम्हाला एवढा आनंद कुठल्या लग्नात झाला नव्हता.

अक्का 'पूर्ण बरी' झाली का? ३० सप्टेंबरला ती अजूनही गप्प असते. लेकरांची आठवण गेलेली नाही, ती जाऊही नये. फरक एवढाच, की आधी ती आठवण अक्काला धरून होती, आता अक्का आठवणीला धरून असते. आणि ज्या मुलीच्या लग्नाची चिंता होती तिचे लग्न झाले. तिने सासरी आईचा आजार लपवला नाही.

पटाचारेला कोणी हाकलले, कोणी जवळ केले

आपल्या धम्माला हे नवे नाही. श्रावस्तीची पटाचारा आठवा. वाटेत नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे मूल घारीने नेले, मोठे नदीत वाहून गेले. आईबापांच्या आसऱ्याला निघाली, तर वादळात त्यांचे घरच कोसळून आईबाप आणि भाऊ दगावले. तिचे भान गेले, अंगावरच्या वस्त्राचेही भान राहिले नाही. लोकांनी 'वेडी, वेडी' म्हणून तिला हाकलले. तथागतांनी तिला अडवू दिले नाही, जवळ येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली आणि हरवलेले भान पुन्हा मिळव असे सांगितले. एका माणसाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. मग तिने आपली कहाणी सांगितली आणि तथागतांनी ती ऐकली. आधी सुरक्षितता, मग भान, मग बोलणे. ताईंचा क्रम हाच होता. पुढे हीच पटाचारा थोर थेरी झाली आणि दुःखी स्त्रियांचा आधार झाली.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात किसा गोतमीच्या सांत्वनाची कथा घेतली आहे. मेलेले मूल घेऊन फिरणाऱ्या त्या आईला तथागतांनी गप्प बसवले नाही. घरोघर पाठवले, म्हणजे दुसऱ्यांचे दुःख तिच्या कानी पडले.

हे झाले निसर्गाच्या आघाताचे. माणसाने माणसावर केलेला आघात याहून खोल जातो, कारण त्यात माणसावरचा विश्वासच मोडतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मागे राहिलेले भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत जाईपर्यंत न्यायासाठी झगडत राहिले. अशा माणसाला शिक्षा झालेले गुन्हेगार दिसणे हाही इलाजाचा भाग आहे. गोळी आणि गप्पा न्यायाची जागा घेऊ शकत नाहीत. पण आपण मोर्चे काढले, नोकरी मागितली, घर मागितले, खटला लढवला, त्या मागण्यांच्या यादीत पीडितांच्या मनाचा इलाज कधी होता का, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.

आपण काय करायचे

१) अपघात, आग, मारहाण, अत्याचार, घरातला अचानक मृत्यू, यांनंतर काही आठवडे झोप न येणे, दचकणे, रडू येणे स्वाभाविक आहे. बहुतेक जण आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. त्या दिवसांत 'सांग, काय झालं' म्हणून खोदू नये. जेवण, निवारा, सोबत द्यावी, बोलला तर ऐकावे.

२) महिना उलटूनही तेच चालू असेल, काम होत नसेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचार विभागात न्यावे. जीव देण्याची भाषा निघाली तर महिना थांबू नये, त्याच दिवशी न्यावे आणि एकटे सोडू नये. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये हा विभाग आहे. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर रात्रंदिवस फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते.

३) २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाच्या इलाजाचा हक्क दिला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणेही बंधनकारक केले आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

४) आनापान चांगलेच आहे. पण जखम ताजी आणि खोल असेल तर दहा दिवसांच्या मौन शिबिराला एकदम पाठवू नये. डोळे मिटले की तेच दिसते, अशा माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारावे, शिबिराच्या लोकांनाही आजार सांगावा.

५) दर पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास असा ठेवावा की ज्याला बोलायचे त्याने बोलावे आणि बाकीच्यांनी नुसते ऐकावे. सल्ला नको, उपदेश नको. आमच्या विहारात अक्कानेच हे सुरू केले आहे. नवी बाई कोपऱ्यात गप्प बसली की अक्का तिच्या शेजारी जाऊन बसते, काही विचारत नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे करते.

काकांना ज्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री देता आले नव्हते, ते आज आमच्यापाशी आहे. तुमच्या वस्तीत अंगणात झोपणारी कोणी अक्का असेल, तर ते तिच्यापर्यंत पोचवा. आणि तिला 'विसर' म्हणू नका.

जयभीम!